हिरवा पंजा

आमच्या लाँड्रीच्या दारात एवढी गर्दी, की इस्त्रीची वाफही बाहेर पडायला वाट मागत होती. हिरवेबाबाने माझ्या ताईचा दंड सगळ्यांना दिसेल असा वर धरला होता.

आठवड्यापूर्वी आमच्या ओल्या जिन्यावरून ताई घसरली आणि दंडावर काळानिळा डाग उठला. बाबा म्हणाला, "मेलेल्याचा पंजा उमटलाय! माझ्या तेलाने हिरवा पडेल, मग पिवळा, मग पसार."

आज डाग खरंच हिरवा पडला होता.

"निळं विष शरण आलं!" बाबा गरजला. चादरी न्यायला आलेले चादरी विसरून हात जोडून उभे.

जन्मभर मी थापा मारल्या, पण इतकी गोळीबंद थाप मलाही कधी जमली नाही. हसू मात्र येईना. ताईच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. 'गोळ्या पंजाला पोसतात' म्हणत बाबाने तिच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याच बंद करवल्या होत्या. झडपेवर गुठळी धरली आणि ती मेंदूत गेली तर? ताई बोलताना जरा अडखळली, की मी तिला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावी.

शेवटी तिच्या डॉक्टर लेकीला बोलावलं; गर्दीतून वाट काढत ती आत आली.

"आई, पडलीस तेव्हा आणखी कुठे लागलं?"

"गुडघ्याच्या वर."

"तिथे तेल लावलं?"

"शी! बाबांसमोर मांडी उघडी टाकू? तिथलं बोललेच नाही मी."

मायलेकी कपड्यांच्या रॅकमागे गेल्या.  मग ताईचा आवाज आला, "अगं बाई, हाही हिरवाच!"

"माझी कृपा खाली ओघळली!" बाबा सावरला.

"हो का?" टॉवेलवाली शेजारीण फिसकारली. "आमच्या पोराचं टेंगूळही हिरवं-पिवळं होऊन गेलं. तेव्हा तुम्ही कुठे ओघळत होता?"

भाची म्हणाली, "कातडीखाली सांडलेल्या रक्तात हीम नावाचा लाल भाग असतो. आपल्याच पेशींतलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, तो तोडून हिरवा करतं, दुसरं त्याचा पिवळा करतं. ही विकरं अडवून रंगबदल थांबवणारी औषधं आहेत, पण ती प्रयोगशाळेत. या बाटलीत नुसतं तेल. आणि आई, त्या गोळीमुळे डाग मोठा दिसतो खरा, पण तीच तुला जगवते."

गोळी मी स्वतः ताईच्या ओठांशी धरली. बाबा मागच्या दाराने सटकला, बाटली विसरून. तपासणीत गुठळी निघाली नाही. वाचली, पण थोडक्यात.

म्हणून सांगतो, चालू औषध कुणा बाबाच्या शब्दावर सोडू नका. आणि चमत्कार दिसला, की आधी तेल न लावलेली जागा बघा.