पहिलं ताट

२५ डिसेंबर १९७४, सकाळी पावणेसात. पहाटेची उपासना आटोपून चाळीकडे परतणाऱ्या शांतवन साळवेच्या डोक्यात चौघांनी लोखंडी दांडे घातले. पहिला घाव मागून बसला. तो पडल्यावर आणखी सहा-सात. सोबत चालणारी बायको सुवार्ता त्याच्या अंगावर आडवी पडली. तिचं डावं मनगट मोडलं. चौघांच्याही तोंडाला मफलर होते. एकाचा सुटला. तो कल्लप्पा होता, त्याच चाळीत दोन दारं सोडून राहणारा.

कारण सगळ्या चाळीला ठाऊक होतं. गिरणीत सव्वा महिना संप चालू होता आणि शांतवन दोन दिवसांपूर्वी कामावर गेला होता.

डॉक्टरांनी शांतवनला शस्त्रक्रियेसाठी आत नेलं. साडेअकराच्या सुमारास सुवार्ता घरी आली. रक्ताची साडीही तिनं बदलली नाही. डबे उघडून उजव्या हातानं ताटात करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या भरल्या.

"कुटं निघाला वैनी?" धाकटा दीर याकोब दारात उभा राहिला.

"ईरम्माबाईंकडं."

ईरम्मा कल्लप्पाची आई. याकोबनं लाथेनं डबा उडवला. "माझ्या भावाचा मेंदू रस्त्यावर सांडलाय आन् तुमी तेच्या आईला करंज्या नेताय?"

"पहिलं ताट तिकडंच जातं, भावजी."

"मग दुसरं मी नेतो. पहारीवर ठिऊन!"

पहिल्या ताटाचा नियम सुवार्ताच्या आईचा. होटगीजवळच्या खेड्यात तिच्या घरच्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्या वर्षी गावातल्या एकानं तिच्या वडिलांना चामड्याच्या वादीनं फोडून काढलं. पाठीची सालटं निघाली. महिन्याभरात नाताळ आला. आईनं गुळाच्या पोळ्या केल्या, सात वर्षांच्या सुवार्ताचा हात धरला आणि त्याच माणसाचं दार वाजवलं. कुणी उघडलं नाही. आईनं पोळ्या उंबऱ्यावर ठेवल्या.

"पोटुशी मरिया दारोदार फिरली, कुणी जागा दिली न्हाय," परतताना आई म्हणाली. "तरी देव त्याच गावात जन्मला. जितं दार बंद, तितं आदी जायचं. नाताळ म्हंजी एवढंच की."

पोळ्या कुत्र्यांनी खाल्ल्या, हेही सुवार्ताला आठवतं.

ईरम्मानं मात्र दार उघडलं. साडीकडे पाहिलं. "कोनी केलं गं हे?"

"तुमच्या कल्लप्पानं."

ईरम्मानं ताट घेतलं आणि दार लावलं.

पोलिसांनी सुवार्ताचा जबाब घेतला तो संध्याकाळी पाचला. २७ तारखेला दुपारी शांतवन शुद्धीवर न येता गेला. कल्लप्पाला ओळखणारा दुसरा साक्षीदार नव्हता.

खटला पुढच्या डिसेंबरात उभा राहिला. साक्षीच्या दिवशी सकाळी सरकारी वकिलांनी तिला सुचवलं, "ताट आदल्या दिवशी पाठवलं म्हणा. नाहीतर मारेकऱ्याच्या घरी कुणी फराळ नेतं का, असं विचारतील आणि केस जाईल."

"आदल्या दिशी काय झालं नव्हतं की, सायेब," ती म्हणाली.

आरोपीच्या वकिलांनी ईरम्माकडे राहिलेलं ते पितळी ताट टेबलावर ठेवलं. काठावर तिचं नाव कोरलेलं होतं.

"यात केक होता?"

"न्हाय. ईरम्माबाईंच्यात अंडं चालत न्हाय."

"नवरा मरणाच्या दारात, आणि कुणाला अंडं चालत नाही याचं भान तुम्हाला होतं! ज्यानं दांडा घातला त्याच्या आईची इतकी काळजी? की तेव्हा कुणाला ओळखलंच नव्हतं?"

कोर्टात हशा पिकला. मागच्या बाकावरून याकोब शिव्या देत उठला. दोन शिपायांनी त्याला भिंतीशी दाबून बाहेर काढलं.

"वळखलं म्हणूनच नेलं," सुवार्ता म्हणाली. "तेंच्या तोंडावर नाव घिऊन दिलं. ईरम्माबाईंना इचारा."

हशा थांबला. न्यायाधीशांनी ईरम्माला साक्षीसाठी बोलावण्याचा हुकूम केला आणि नाताळच्या सुट्टीनंतरची, ५ जानेवारीची तारीख दिली.

२५ डिसेंबर १९७५, सकाळी साडेअकरा. पितळी ताट कोर्टात जमा असल्यानं सुवार्तानं स्टीलचं घेतलं. केक घातला नाही. ईरम्माचं दार तिनं तीनदा वाजवलं. आत पावलं वाजली, कडी निघाली नाही. ताट उंबऱ्यावर ठेवून ती परत आली.

संध्याकाळी उंबऱ्यावर ताट नव्हतं. ते कुणी उचललं, हे चाळीत कुणी पाहिलेलं नाही.