शेवट सांगायचा नाही

मी जुना आहे, हे तुम्हाला दिसतंच आहे, मित्रांनो. गणवेश शिवण्याच्या कारखान्यातला लाकडी बाक मी. माझं घराणं काही थोर नाही. शिलाईची मशिनं ज्या खोक्यांतून आली, त्या खोक्यांच्या फळ्या सुताराने जोडल्या, चार पाय ठोकले आणि झालो मी तयार. एक पाय जरा आखूड राहिला. सुतार म्हणाला, "चालतंय!" त्याचं काय जातंय म्हणायला? जन्मभर डुगडुगायचं मला होतं.

मला खिडकीखाली ठेवलं. सकाळभर माझ्यावर बाह्यांचे, कॉलरींचे, खिशांचे गठ्ठे असत. गठ्ठ्यांशी बोलणार काय, कपाळ! पण दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी झाली की गठ्ठे खाली उतरत आणि तीन मैत्रिणी डबे घेऊन माझ्यावर येऊन बसत. तो अर्धा तास मी दिवसभर मोजत असे.

डाव्या टोकाला कातरबाई. कापड कापायचं काम तिचं, आणि जीभही कातरीसारखीच चाले. उजव्या टोकाला इस्त्रीवाली. मधे काजवाली, म्हणजे सदऱ्याला बटणांची काजं करणारी. तिघींना एकच वेड होतं, कादंबऱ्यांचं. कोपऱ्यावरच्या वाचनालयातून कातरबाई कादंबरी आणायची आणि दोन दिवसांत तिचा फडशा पाडायची. मग ती इस्त्रीवालीकडे जाई, आणि सगळ्यात शेवटी काजवालीकडे. काजवाली दिवसाला पाच पानं वाचायची. सहावं नाही. वाचनालयवाला ओळखीचा, म्हणून बरं.

"पाच पानं? अगं, हे वाचन आहे की औषध?" कातरबाई म्हणायची.

"घाई कुणाला आहे?" काजवाली म्हणायची आणि पुढचा घास घ्यायची.

मला वाचता येत नाही. माझं सगळं साहित्य या तिघींच्या तोंडून आलेलं, तेही घास चावता चावता. पण काय एकेक मतं होती! "याने जन्मात स्वयंपाक केलेला नाही," कातरबाई एका लेखकाबद्दल म्हणाली. "चाळिसाव्या पानावर चूल पेटवली, साठावं आलं तरी ताट वाढलेलं नाही." इस्त्रीवालीचं मन मोठं. नायकाने खून केला तरी ती म्हणे, "पण किती एकटा होता गं बिचारा!" काजवाली मात्र मत असं देतच नसे. कादंबरीतली माणसं तिला शेजारीपाजारी वाटत. "त्या मोठ्या सुनेचा ताप उतरला का गं?" असं ती काळजीने विचारायची, आणि बाकी दोघी ओठ घट्ट मिटून घ्यायच्या.

कारण तसा नियमच होता. एकदा इस्त्रीवालीने बोलता बोलता एका कादंबरीचा शेवट फोडला. काजवाली तेव्हा निम्म्यावरही पोचली नव्हती. तिने हातातला घास खाली ठेवला. डबा झाकला, उठली, आणि पुढे आठ दिवस माझ्याकडे फिरकली नाही. मग कातरबाईने फर्मान काढलं. तिसरीचं वाचून होईपर्यंत शेवट सांगायचा नाही. जी सांगेल तिने महिनाभर तिघींच्या टेबलांखालच्या चिंध्या झाडायच्या. त्यानंतर कितीतरी वर्षं कुणावर झाडायची पाळी आली नाही.

मग एक जाडजूड कादंबरी आली, दोन बहिणींची. दोघी कशावरून तरी भांडतात, धाकटी घर सोडून पैलतीरावर निघून जाते, आणि थोरली रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन होडीची वाट बघते. कातरबाईचं या थोरलीशी मुळीच पटलं नाही. "वाट कसली बघतेस बाई? पुढच्या होडीत बसायचं आणि जायचं! नुसती मिठाची गुळणी धरून उभी." काजवालीला मात्र दोघी बहिणी आवडल्या. तिने वाचन आणखी हळू केलं, दिवसाला चार पानं.

मित्रांनो, बाक चेहऱ्यांवर फारसा विसंबत नाही. तो माणूस ओळखतो भारावरून. ती कादंबरी शंभराव्या पानाच्या आसपास असेल तेव्हा माझी मधली फळी कमी वाकू लागली. आज जरा कमी, आठवड्याने आणखी कमी. कातरबाई तिला म्हणाली, "बारीक झालीस हं, बरी दिसतेस." इस्त्रीवालीने तर बारीक व्हायचा उपाय विचारला. मी करकर करून सांगायचा प्रयत्न केला. "हा बाक मोडायला आलाय," म्हणून इस्त्रीवालीने माझ्या पायाखाली पुठ्ठा सरकवला.

पुढे काजवालीने काम सोडलं. दवाखाना झाला, मोठा दवाखाना झाला. दोन महिन्यांनी एका दुपारी ती मुलीचा हात धरून आम्हाला भेटायला आली. माझ्यावर बसली, तर कुणी ओढणी टाकावी एवढाच भार.

"चाळीस पानं राहिलीत," ती म्हणाली. "पण आता वाचवत नाही गं. अक्षरं डोळ्यांपुढे नाचतात. सांगा ना, धाकटी परत येते का?"

इस्त्रीवालीने तोंड उघडलं. कातरबाईने तिच्याकडे असं पाहिलं, की ते तिथंच मिटलं.

"अजिबात नाही," कातरबाई म्हणाली. "चिंध्या कोण झाडणार? चाळीस पानं म्हणजे तुझे आठ-दहा दिवस. बरी हो, वाच, मग बोलू."

काजवाली हसली. "बरं बाई," म्हणाली. थोडा वेळ बसली आणि गेली. तिची पाठ वळली मात्र, कातरबाई पदर तोंडाशी धरून रडायला लागली. "शेवट सांगितला तर तू वाचणार नाहीस असं तिला तोंडावर सांगितल्यासारखं होईल गं. मी नाही सांगणार. तिला वाचायचंय अजून." बाईचं मन वाईट नव्हतं, मित्रांनो. काजवालीवर जीव होता तिचा.

पुढे रोज दुपारी ठरायचं, रविवारी तिला भेटून येऊ. आणि सोमवारी कळायचं, दोघीही गेल्या नाहीत. "गेलो तर ती पुन्हा विचारेल," कातरबाई म्हणायची. "काय सांगू मी तिला?" असे चार रविवार गेले. पाचव्याच्या आधी निरोप आला, काजवाली गेली.

पंधरवड्याने तिची मुलगी कादंबरी परत करायला आली. माझ्यावर टेकली. आई किती सोसत होती ते सांगता सांगता म्हणाली, "मावशी, मी तिला म्हणाले होते, शेवटचं पान वाचून दाखवते. तर नको म्हणाली. म्हणाली, त्या दोघी येतील, त्याच सांगतील. दाराशी कुणी आलं की उशीवरून मान उचलायची. मला वाटलं, तुम्हाला सुट्टी मिळाली नसेल."

मुलगी नमस्कार करून गेली. इस्त्रीवाली भिंतीकडे तोंड करून हमसाहमशी रडत होती. कातरबाईच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. तिने माझ्या मधल्या फळीवर हात ठेवला, आणि शेजारी कुणी बसलं असावं अशा हळू आवाजात म्हणाली, "येते गं. धाकटी येते परत. अगदी शेवटच्या पानावर, पण येते."

सुट्टी संपल्याची घंटा झाली. तो हात तिथून लवकर उचलला गेला नाही.

त्यानंतर माझ्यावर कादंबरीची गोष्ट निघाली नाही. दोघी जेवायच्या आणि उठायच्या. यथावकाश त्याही काम सोडून गेल्या. कारखान्यात लोखंडी खुर्च्या आल्या आणि मला फाटकाबाहेर काढलं. आता येणारेजाणारे टेकतात, बुटाची नाडी बांधतात, चालू लागतात.

मित्रांनो, माझे खिळे ठोका, मला रंग द्या, असं मी म्हणणार नाही. माझं काय, लाकूडच ते. पण तुमचं कुणी अंथरुणावर असेल आणि काही विचारत असेल, तर तिथं जा. काय बोलावं ते सुचलं नाही तरी जा. जे विचारेल ते सांगून टाका, नियम गेला खड्ड्यात. रविवारची वाट बघू नका. मी तर म्हणतो, माझ्यावरही फार वेळ बसू नका. उठा.