वहिनीने लावलेला सूर

गिटारच्या डोक्यावर दिराची सही होती. सोनेरी, वळणदार, खाली शेपूट ओढलेली. वाद्यकंपनीचा माणूस नवी गिटार खोक्यातून काढत म्हणाला, "आता सरांचा आवाज घराघरात!" सर, म्हणजे दीर, आरशासमोर उभे राहून विंचरलेले केस मुद्दाम विस्कटत होते. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वाद्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आज दिराची कार्यशाळा होती. बाहेर हॉलमध्ये पोरंपोरी आपापल्या गिटारी मांडीवर घेऊन बसली होती. सगळ्यांना एकच गोष्ट शिकायची होती: तो आवाज. आणि तो आवाज वहिनीचा होता.

तिला सगळेच वहिनी म्हणत. दिराने म्हणावं, ते ठीक. पण बेसवाला, साउंडवाला, गाडीचा ड्रायव्हर, मुलाखतीला आलेले पत्रकार, ही सगळ्या जगाची वहिनी. लग्नानंतर ती एका धुलाई कारखान्यात कामाला होती. तिथे चादरी वाळवणारी दोन अगडबंब यंत्रं शेजारी शेजारी फिरत. एकाची घरघर जाड, दुसऱ्याची जरा वरची, आणि दोन्ही मिळून जे गुरगुरणं व्हायचं ते घरी आल्यावरही तिच्या कानातून जात नसे. दिराने हौसेने आणलेली आणि आठवड्यात कंटाळून पलंगाखाली सरकवलेली गिटार तिने बाहेर ओढली. ती कशी लावतात हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने सहाही तारा त्या दोन यंत्रांच्या आवाजांशी जुळवून लावल्या. मग एक बोट आडवं टेकवलं की अख्खा कारखाना सुरू!

त्यावर तिने पहिलं गाणं केलं, मग पुढची सगळी. बँडही तिनेच उभा केला. ड्रमवर नवरा, आणि गायला दीर, कारण तो दिसायला बरा आणि लाज त्याला ठाऊक नाही. तालीम ती घ्यायची, चुकणाऱ्याला ती झापायची, बेसवाले ती बदलायची. कार्यक्रमात मात्र दीर पुढे आणि ती गिटार घेऊन मागे अ‍ॅम्पपाशी.

ते गाजले. रेडिओवर नव्हे, तळघरांतल्या अड्ड्यांवर, कॉलेजच्या खोल्यांमध्ये. कुठल्या कुठल्या देशांतले बँड ती गुरगुर उचलू लागले, आणि नाव दिराचं घेऊ लागले. पहिल्या अल्बमवर तिचं नाव शोधायचं तर पाठीमागे, अगदी तळाला: वहिनीचे विशेष आभार. ती चिडली तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, घरातलंच आहे ना सगळं? तो काय परका आहे?" त्यानंतर दर अल्बमला ती चिडली आणि दर अल्बमला त्याने हेच वाक्य पुढे केलं. घरातलं, घरातलं म्हणत तिचं सगळं आयुष्य घरातल्यांनी उचलून नेलं होतं.

"वहिनी, तेवढी गिटार लावून ठेव हं," आरशातूनच दीर म्हणाला.

आजवर प्रत्येक कार्यक्रमाआधी ती त्याची गिटार लावून देत आली होती. कुठली तार कुठे न्यायची हे त्याने कधी विचारलं नव्हतं. त्याला बोट आडवं टेकवता येई, बस्स. तिने ती सहीवाली गिटार घेतली आणि जगभर सगळे लावतात तशी, अगदी साधी, पुस्तकातल्यासारखी लावून ठेवली. समोर नवरा काठ्यांना पट्टी गुंडाळत बसला होता. त्याने सगळं पाहिलं आणि त्याला काही कळलं नाही. ड्रमवाला शेवटी.

स्टेजवर दीर खुलला; मागे ड्रमवर नवरा आणि अ‍ॅम्पपाशी वहिनी. "लोक विचारतात, हा सूर आला कुठून?" त्याने डोळे मिटले. "स्वप्नात आला."

स्वप्नात! चादरी ओढून ओढून तिच्या बोटांची सालं निघाली होती, आणि याला स्वप्नात.

त्याने बोट आडवं टेकवलं आणि हात मारला. कपाटातून भांडी पडावीत तसा आवाज झाला. त्याने पुन्हा मारला. पुन्हा भांडी. वहिनीच्या जिवाला क्षणभर गार वाटलं.

पण दीर कसला हटतोय. तो माइकमध्ये हसला. "आमची वहिनी आज विसरली बहुतेक. वय झालं बिचारीचं!" हॉल त्याच्याबरोबर हसला. "वहिनी, देतेस का जरा लावून?"

ती पुढे गेली. त्याने गिटार पुढे केली, तिने हात मागे बांधले.

"तुम्हीच लावा, भाऊजी," ती माइकमध्ये म्हणाली. "सूर तुमचाच आहे ना?"

दिराचा चेहरा उतरला आणि लगेच परत चढला. वेळ मारून नेण्यात त्याचा हात कोण धरणार? "बरं!" तो म्हणाला. "आज तुम्हाला एकदम नवीन सूर देतो. अजून कुणालाच दिलेला नाही." आणि त्याने खुंट्या पिळायला सुरुवात केली. ही वर, ती खाली, मनाला येईल तशी.

आणि पोरंपोरीही पिळू लागली. माना खाली घालून, कान तारेला लावून, सर करतील तसं. पुढच्या रांगेतली एक मुलगी शेजारणीला विचारत होती, "तिसरी किती वर नेली गं त्यांनी?" हॉलभर बेसूर तारा कण्हत होत्या आणि एकाच्याही चेहऱ्यावर शंका नव्हती. उद्या हाही सूर गाजणार. यावरही बँड निघणार.

वहिनीला तेव्हा कळलं की नुसतं न देऊन याचं काही बिघडत नाही. हा रिकाम्या हातांनीही वाटत सुटेल आणि लोक ओंजळ भरून नेतील. आजवर मूग गिळून बसलेल्या स्वतःचाच तिला भयंकर राग आला.

तिने दिराच्या गिटारची केबल खसकन उपटली. अ‍ॅम्पने फटाक्यासारखा आवाज केला, माना वर झाल्या. तिने अ‍ॅम्पला टेकवलेली स्वतःची गिटार गळ्यात अडकवली, केबल जोडली आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

"वहिनी, काय चाललंय?" दीर पुटपुटला.

"अगं, आपण घरी बोलू," मागून नवरा म्हणाला.

"घरीच बोलत आले," ती माइकमध्ये म्हणाली. मग तिने हॉलकडे पाहिलं. "हा बँड मी काढला. ही गाणी माझी आहेत. हा सूर कुणाला स्वप्नात आलेला नाही, मी कारखान्यातून आणलाय. ज्यांना शिकायचाय त्यांनी माझ्या हाताकडे बघा."

कुणी हसलं नाही. दीर बाजूला झाला नाही, म्हणून तीच त्याच्या पुढे जाऊन उभी राहिली. पाठीमागे सवयीने नवऱ्याने काठ्या उचलल्या, ताल धरायला.

"तू राहू दे," ती म्हणाली आणि एकटीने सुरू केलं.