रुपचंद नानांचं नाक

गाडीचं दार लागता लागता समोरच्या बेबाबाई नारळ, खण आणि हळदीकुंकवाची पुडी घेऊन धावत आल्या. पहाटेचे साडेचार, जानेवारीची थंडी मी म्हणत होती, तरी या बाईला जाग कशी आली देव जाणे.

"गडवर जाई ऱ्हायनात ना, अक्का? मन्हा नावनी बी ओटी भरी द्या."

"भरसू ना," म्हणून ताईबाईंनी नारळ मांडीवर घेतला.

गाडी अमळनेरच्या बाहेर पडून धुळ्याच्या रस्त्याला लागली. मग मागच्या सीटवरून नात ऋतिका खुदकन हसली.

"आजी, आता गड चुकवता येणार नाही हं."

"चुकाडाना इचार कोना व्हता? पहिले देवी. मंग तुम्हना तो दारूना कारखाना."

"वायनरी, आजी."

"नाव बदलं म्हनीसन दारूनं काय दूध व्हस?"

ताईबाईंची अट पहिल्यापासून हीच होती. त्यामुळे गल्लीत अर्धंच खरं सांगितलं होतं. वणीच्या गडावर जातो, एवढंच. गडापासून तासाभरावर दिंडोरीची द्राक्षं आहेत आणि द्राक्षांच्या पुढे काय आहे, हे गल्लीला सांगायची काही गरज नव्हती.

सहल ऋतिकाने ठरवली होती. ती जळगावला अन्नप्रक्रियेचा अभ्यासक्रम करत होती आणि तिने फोनवरून छोट्या गटाची जागा राखून ठेवली होती. द्राक्षबाग, मग कारखाना, मग चव आणि वासाचं सत्र. वडील योगेंद्र पुढे ड्रायव्हर नवलच्या शेजारी, मधल्या सीटवर खिडकीशी नाना, मग ताईबाई, मग सून पुनम. पण सगळा खटाटोप होता तो नानांसाठी. माझे आजोबा तेलाच्या एका थेंबावरून शेंगा जुन्या की नव्या ते सांगतात, असं तिने वर्गात सांगितलं होतं आणि वर्ग हसला होता. आज ती व्हिडिओच घेऊन जाणार होती.

रुपचंद नाना एकोणिसाव्या वर्षी अमळनेरच्या एका तेलमिलमध्ये हमाल म्हणून लागले. तिसऱ्या वर्षी पोती वाहता वाहता ते एका टँकरपाशी थांबले आणि मालकांना म्हणाले, "शेठ, हाई तेल खवट व्हई जाई." मिश्रीलाल शेठ हसले. पंधरा दिवसांनी त्यांचं हसू मावळलं आणि नानांची हमाली सुटली. त्यानंतर एकतीस वर्षं फाटकातून येणाऱ्या प्रत्येक टँकरचा नमुना आधी नानांच्या तळहातावर पडायचा. ते तो चोळायचे, नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे आणि दोन शब्दांत निकाल द्यायचे. शेंगदाण्याच्या तेलात सरकी मिसळली असेल तर किती, तेही सांगायचे. पुढे मिलमध्ये यंत्रं आली, तरी शेठ म्हणायचे, "कागद मागून बघू, आधी रुपचंदला बोलवा." या नाकापायी नानांनी जन्मात विडी ओढली नाही, तंबाखूला हात लावला नाही, टँकरच्या दिवशी कच्चा कांदासुद्धा खाल्ला नाही. मिल बंद पडली, यंत्रं भंगारात गेली. नाक तेवढं नाना घरी घेऊन आले. मग गल्लीतल्या बायका लग्नाच्या तेलाचे डबे आणि तुपाच्या बरण्या घेऊन त्यांच्याकडे यायला लागल्या. म्हातारपणी आपल्याला विचारायला कोणी येतं, यासारखं सुख नाही.

ते नाक कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेलं. धुळ्याच्या दवाखान्यात अकरा दिवस काढून नाना घरी आले, जीव वाचला म्हणून घरच्यांनी देवापुढे साखर ठेवली, आणि नानांच्या ध्यानात आलं की उदबत्तीचा वास येत नाही. डॉक्टर म्हणाले होते, येईल दोन-चार महिन्यांत. आता चार वर्षं होत आली होती. आज सांगू, उद्या सांगू करता करता न सांगायचीच सवय झाली. दुसऱ्यांची तोंडं बघून ते नाक मुरडायचे, फोडणी तडतडली की "मस्त" म्हणायचे. डबा आला की रंग बघायचे, तेल बोटांत चोळायचे, डोळे मिटायचे आणि अंदाज ठोकून द्यायचे. गेल्या वैशाखात बेबाबाईंनी मुलीच्या लग्नाचं तेल आणलं, तेव्हाही "वापरा, चांगलं शे" म्हणून मोकळे झाले. पुढे लग्न होईपर्यंत त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. पण तीनशे पानं उठली, कोणाचं पोट दुखलं नाही, शेव महिनाभर टिकली. देवीची कृपा, असं म्हणून त्यांनी हात जोडले होते.

आज मात्र नात समोर उभी राहून बघणार होती. येणं टाळायला नानांनी थंडीचं निमित्त केलं, गुडघ्याचं केलं. पोरीने एकेक मोडून काढलं.

गडावर ताईबाईंनी दोन ओट्या भरल्या, एक आपली आणि एक बेबाबाईंची. देवीसमोर धूप इतका कोंदला होता की पुनमला ठसका लागला. नानांनी छाती भरून श्वास घेतला. काही नाही.

"माय, आजना दिन तेवढा वास येऊ दे," ते पुटपुटले.

"काय मांगं?" ताईबाईंनी विचारलं.

"पोरीनं भलं व्हवो म्हनं."

"व्हई," ताईबाई म्हणाल्या आणि त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं.

दुपारी दीडच्या सुमाराला ते वायनरीत पोचले. नवल गाडीपाशी थांबला. गटात हे पाच जण आणि पुण्याहून आलेले चौघं होते. माहिती द्यायला आयुषी नावाची मुलगी होती. बागेत नानांना बरं वाटलं. घड हातात तोलावा, पान उलटून बघावं, त्याला नाक लागत नाही. पण उंच टाक्यांच्या शेडच्या दारातच पुनमने ओढणी नाकाला लावली, म्हणून नानांनीही घाईने रुमाल काढला.

आयुषी धुळ्याची निघाली, जैनांच्या घरातली. आग्रा रोडला तिच्या काकांचं कापडाचं दुकान होतं. ताईबाईंना राहवलं नाही.

"पोरी, तुम्ही तं जैन. घरमा चालस का हाई?"

"मी पीत नाही, आजी. नुसता वास घेते. माझं कामच ते आहे."

"मग तुम्ही आणि माझे आजोबा एकाच धंद्यातले," ऋतिका म्हणाली आणि मिल, टँकर, शेठ, सगळी कथा तिने एका दमात सांगून टाकली. नाना मध्येच "राहू दे ना बेटा" म्हणाले, ते कोणी ऐकलं नाही. आयुषीचे डोळे चमकले. तिने सगळ्यांना लांब टेबलापाशी नेलं, आत जाऊन दोन बाटल्या आणल्या आणि नानांसमोर लाल वाइनचे दोन ग्लास ठेवले.

"आजोबा, एक बाटली आत्ता उघडलीय. दुसरी आठ दिवस उघडी राहून बिघडलीय, ती आम्ही नव्या मुलांना शिकवायला ठेवतो. चाखायचं नाही. वासावरून सांगा, चांगली कुठली."

ऋतिकाने फोन वर धरला. पुणेकर जवळ सरकले.

नानांनी डावा ग्लास नाकाशी नेला आणि डोळे मिटले. थंड काच ओठाला लागली, बाकी काही नाही. उजवा नेला. तेच. रंग बघावा तर दोन्हींचा सारखा. डावा म्हणावं की उजवा म्हणावं? चुकलं तर हसं होणार, आणि बरोबर आलं तर ही थाप जळगावभर फिरणार.

मिलमध्ये त्यांचा एक नियम होता. सर्दी झाली की ते नमुन्याला हात लावत नसत. "आज नाक बसेल शे, शेठ," एवढंच सांगायचे. एकदा दोन टँकर तीन दिवस फाटकाबाहेर उभे राहिले, ड्रायव्हरांनी शिव्या घातल्या, शेठनी कपाळाला हात लावला, पण नानांनी अंदाजाने निकाल दिला नाही. शेठ मानायचे ते त्या माणसाला. तो माणूस या चार वर्षांत कुठे गेला, हे नानांना उमजेना आणि त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"बेटा, तो फोन खाले कर," ते ऋतिकाला म्हणाले. "माले वास येत नही."

"सर्दी झालीय का, नाना?" योगेंद्रने विचारलं.

"सर्दी नही. कोरोना व्हयना तवयपासून येत नही. उदबत्तीना नही, तेलना नही, कसाज नही. चार वरीस तुम्हले बठ्ठासले फसाडी ऱ्हायनू."

ऋतिकाचा हात खाली आला. नाना थांबले नाहीत. एवढं बोललो तर आता सगळंच बोलू, असं त्यांना झालं होतं.

"बेबाबाईना लगनना डबा बी मी तसाज पास करा. देवीनी लाज राखी."

"देवीनी नही," ताईबाई म्हणाल्या. "मी राखी."

नाना त्यांच्याकडे वळले.

"तो डबा खवट व्हता. तुम्ही चांगला शे सांगं नि आंघोळले गयात. मी मांगून तिना घर गयी. म्हनं, नाना सांगतस, हाऊ परत कर नि दुसरा आन. तिनी आना." ताईबाईंनी पदर सारखा केला. "तुम्ही जो डबा पास करतस, तो मी बी सुंगस."

"तुले कसं समजनं?"

"दवाखानामाईन उनात, आठ दिन बी नही व्हयनात. गॅसवर दूध जळीसन कोयसा व्हयनं, नि तुम्ही बाजूले बशीसन पेपर वाचत व्हतात."

"मंग माले काबर नही सांगं?"

"तुम्ही माले सांगं का?"

आधी नानांना रागच आला. ज्या नावावर आपण गल्लीत ताठ मानेने फिरत होतो ते नाव ही बाई मागच्या दाराने जाऊन सांभाळत होती. मग तिचं ते मागच्या दाराने जाणं त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. गुडघे दुखत असताना, उन्हात, एकेका घरी, "नाना सांगतस" म्हणत. राग टिकेना. परक्या लोकांत शोभा नको म्हणून ते उगाच ग्लासाकडे बघत राहिले.

आयुषीने हलकेच विचारलं, "आजी, तुम्ही बघता का?"

"मी? दारूले नाक लावू?"

"मी लावतेच की."

ताईबाईंनी देवीची मनातल्या मनात माफी मागितली असावी, कारण ग्लास उचलण्याआधी त्यांचे ओठ हलले. डाव्या ग्लासाचा वास घेऊन त्या नानांकडे वळल्या. बाकीच्यांना त्यांनी हिशेबातच धरलं नव्हतं.

"आठे पिकेल जांभूळ शे. नि जराशी वली माटी." मग उजवा ग्लास, आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. "हाऊ इटना. लोणचाना बरनीमा पानी गये म्हंजे येस, तसा येस."

नाना आयुषीला म्हणाले, "डावा ठेव. उजवा फेक."

"बरोबर," आयुषी म्हणाली.

ऋतिका येऊन आजोबांच्या दंडाला धरून उभी राहिली. फोन तिने कधीच पर्समध्ये टाकला होता.

"आते तुन्हा वर्गले काय सांगशी?" नानांनी विचारलं.

"सांगीन की, नाक बसलं असेल तर माझे आजोबा निकाल देत नाहीत."

साडेचारला सगळे निघाले. योगेंद्रला एक बाटली घ्यायची होती. आईने नुसतं बघितलं, त्याने मनुकांचं पाकीट घेतलं. पिंपळगाव मागे पडलं. चांदवडच्या अलीकडे ताईबाई एकदम म्हणाल्या, "तुम्हना बाजूनी काच उघाडा."

"थंडी शे."

"उघाडा तं."

वारा आत आला. ताईबाई समोरच बघत म्हणाल्या, "कांदा. आजच काढेल शे."

नाना वळले. "लाल का उन्हाळ?"

"लाल." थोड्या वेळाने, "आते शेनना धूर." आणखी थोड्या वेळाने, "आते डिझेल. तो तं तुम्हले दिखस बी शे, समोर ट्रक शे."

"आई, कुठेतरी वडे तळतायत," पुनम म्हणाली आणि नवलने लगेच वेग कमी केला.

"तेल कसं शे?" नानांनी विचारलं.

ताईबाईंनी मान पुढे करून वास घेतला. "तीन दिनना शे."

"मंग थांबानं नही," नानांनी निकाल दिला, आणि नवलने मुकाट्याने गाडी पुढे काढली. मागे ऋतिका कितीतरी वेळ हसत होती.

उमराण्यापर्यंत हे असंच चाललं. दिवस मावळला तसा ताईबाईंचा आवाज जड झाला. पहाटे तीनपासून त्या उठलेल्या होत्या. एकदा त्या "चिंच" म्हणाल्या, एकदा नुसतंच "हं" म्हणाल्या, आणि त्यांचं डोकं नानांच्या खांद्यावर आलं. पुनमचाही डोळा लागला होता.

मालेगावच्या अलीकडे पुढे बसलेला योगेंद्र पेंगता पेंगता म्हणाला, "वा, काय वास सुटलाय," आणि पुन्हा त्याची मान कलली. कसला, ते त्याने सांगितलं नाही. नवललाही तो आला असावा, कारण त्याने मान हलवली.

नानांनी ताईबाईंकडे पाहिलं. त्यांचं तोंड थोडं उघडं होतं आणि कपाळावरची पांढरी बट वाऱ्याने उडत होती. नवलला विचारता आलं असतं. नानांनी विचारलं नाही. खांदा न हलवता त्यांनी दुसरा हात लांब केला आणि काच वर केली.