तानूबाईचं नाक

डबा आधी भिंतीवर आदळला. मानसिंगनं तो पुन्हा उचलून मारला तेव्हा स्वप्नालीच्या कपाळावर बसला. झाकण उडालं आणि बाळाच्या खिरीची पांढरी पूड तिच्या केसांत, चुलीवर, झोळीवर अशी सगळीकडे पसरली. झोळीतली छकुली दचकून रडायला लागली.

"सीलबंद डबा उकिरड्यावर टाकतीस?" मानसिंगनं बायकोचे केस मुठीत धरले. "इंदापुरातनं म्या आणलाय, तुझ्या बापानं न्हाय."

"त्याची तारीख उलटलीय."

"तारीख!" सासू तानूबाई उंबऱ्यावरून म्हणाली. डबा उकिरड्यावरून उचलून, पदरानं पुसून तिनंच घरात आणला होता. "अन्नाला कवापासनं तारीख पडाय लागली? कोर्टात उभं केलंय व्हय त्याला?"

बाहेर ओट्यावर सासरे, सोनबा, तंबाखू मळत बसले होते. आतलं सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "मान्या, डोक्यात घालू नगं. पाठीत घाल."

मानसिंगनं वडिलांचं ऐकलं.

मग तानूबाईनं डब्याच्या तळाशी राहिलेली पूड चिमटीत घेतली, नाकाशी नेली आणि मान हलवली. "चांगली हाय."

अंथुर्णे गावच्या त्या घरात तानूबाईनं चांगलं म्हटलं की ते चांगलं. दूध, तूप, तेल, पीठ, सगळं तिच्या नाकाखालून जायचं आणि मगच ताटात पडायचं. मेंढरं विकून ऊस लावल्याला आता बरीच वर्षं झाली होती. मानसिंग कारखान्याच्या उसावर ट्रॅक्टर चालवायचा. पण कुणी पाव्हणा आला की सोनबांची गोष्ट तीच. "भात्तरच्या दुष्काळात कामावर सुकडी वाटली. हिनं पोतं हुंगलं आन म्हणली, शिवायचं न्हाय. ज्यांनी खाल्ली त्यांचं चार दीस धोतर जाग्यावर न्हवतं." बायकोला कधी नावानं हाक न मारणारे सोनबा हे मात्र छाती काढून सांगायचे.

स्वप्नाली बारामतीला बी.ए. झालेली. तिचा पहिला मुलगा, ऋषिराज, अकराव्या महिन्यात हगवणीनं गेला. कशानं, ते कुणालाच सांगता आलं नाही. तेव्हापासून ती हाताला लागेल ते वाचायची. बिस्किटाचा पुडा, रव्याची पिशवी, वनस्पती तुपाचा डबा. मागची तारीख दिसली की तो जिन्नस गुपचूप उकिरड्यावर. वर्षभरात उकिरड्यावरची कुत्री अंगानं तुकतुकीत झाली होती.

दुपारी सगळे पांगल्यावर तिनं पूड झाडून सुपात भरली आणि चेपलेला डबा उजेडात धरला. तारखेच्या आधी तीन इंग्रजी अक्षरं होती. आजवर तिची नजर त्यांच्यावरून घसरत गेली होती. ती पॅकिंगची तारीख होती. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, इथून पुढं अठरा महिन्यांत वापरा. तिनं बोटांवर महिने मोजले. डबा अजून सात महिने चांगला होता.

म्हणजे रवाही चांगला होता. बिस्किटं, तूप, सगळंच.

ती सूप पुढ्यात घेऊन कितीतरी वेळ बसली. चूक तिची होती. मग मार रास्त होता का? पाठ नाही म्हणत होती. तिनं हे कुणालाच सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ती हापशावरून पाणी घेऊन आली तेव्हा अंगणातच करपलेल्या दुधाचा वास आला. आत घर धुरानं भरलेलं. दूध उतू जाऊन निखाऱ्यावर जळत होतं, आणि त्यापासून हातभर अंतरावर तानूबाई मांडी घालून निवांत बसली होती. मांडीवर छकुली, हातात वाटी. वाटीत काल संध्याकाळचं दूध. त्याची आंबूस घाण त्या करपटातूनही स्वप्नालीच्या नाकात शिरली. तानूबाई प्रत्येक चमचा आधी आपल्या नाकाशी नेत होती, मान हलवत होती आणि मग नातीच्या तोंडात घालत होती.

गेल्या महिन्यात कणगीमागं मेलेला उंदीर वासावरून सगळ्या घराला कळला होता. तानूबाईला नाही. तेव्हा स्वप्नालीला ते नुसतं नवल वाटलं होतं.

हातातली कळशी पडली. तिनं एका हातानं वाटी उडवली, लेकीला ओढून घेतलं आणि दुसऱ्या हातानं होता नव्हता तेवढा जोर लावून सासूला ढकललं. म्हातारीचं डोकं जात्याच्या कडेवर आपटलं. पांढऱ्या केसांतून रक्ताचा ओघळ कानापर्यंत आला.

"सुनंनं हात टाकला वो," तानूबाई ओरडली.

सोनबा मेंढरांमागं वापरायची काठी घेऊनच आत आले. मागोमाग मानसिंग. पहिला फटका स्वप्नालीच्या दंडावर बसला. छकुलीच्या डोक्यापासून तो वीतभरच लांब होता. दुसऱ्या फटक्याला काठी वर गेली आणि ती म्हणाली,

"त्यांना वास येत नाही, मामा."

काठी तिथंच थांबली. स्वप्नालीला तेवढंच हवं होतं.

"काय बी बोलती," तानूबाई म्हणाली. पण तिनं डोळे खाली घातले होते.

सोनबा बायकोकडं वळले. मग कोनाड्यातली रॉकेलची बाटली काढून त्यांनी तिचा बोळा उपटला. "डोळं झाक."

"आवो, असं काय करताय."

"झाक म्हणतो न्हवं."

तानूबाईनं डोळे मिटले. बाटली नाकाशी आली. तिनं छाती भरून श्वास घेतला, पुन्हा घेतला. कपाळावरच्या आठ्या एकेक करून गोळा झाल्या.

"गोडंतेल," ती म्हणाली.

मानसिंग फस्सकन हसला.

"पुन्यांदा हुंग."

"पानी हाय का?"

सोनबांनी बाटली तिच्या ओच्यात उलटी केली. "धा गावाला सांगत फिरलो म्या," ते म्हणाले. "तुझ्या नाकाचं सांगत फिरलो. आता हुंग."

"लुगडं भिजवलं की वो सगळं," डोळे मिटूनच तानूबाई पुटपुटली. आणि भिजलेला ओचा हातानं पसरत, वाळवायला म्हणून, ती चुलीकडं सरकली.

चुलीतलं जळतं लाकूड बाहेर आलेलं होतं. बाप बघत होता. लेक बघत होता.

स्वप्नालीनं सासूचा अंबाडा मुठीत धरला. चार दिवसांपूर्वी तिचे केस असेच कुणाच्या तरी मुठीत होते. कडेवर छकुली आणि मुठीत सासू, अशी ती फरफटत उंबऱ्याबाहेर, अंगणाच्या मध्यापर्यंत गेली. म्हातारी हातपाय झाडत होती. "मारती की रं मला, मान्या, मारती."

"रॉकेल आहे ते, आत्या. रॉकेल."

तानूबाईनं डोळे उघडले. भिजलेलं लुगडं नाकाशी नेलं. मग उंबऱ्यात उभ्या नवऱ्याकडं पाहिलं आणि तिचं ओरडणं जागच्या जागी थांबलं.

सोनबा बाहेर येऊन ओट्यावर बसले. त्यांनी तंबाखू काढली, चुना लावला आणि मळायला घेतली.

छकुलीला इंदापूरच्या दवाखान्यात दोन दिवस सलाइन लागलं. ती वाचली. मानसिंगनं तिला घरी आणलं आणि त्याच पावली तो ट्रॅक्टरवर निघून गेला.

तिसऱ्या दिवशी दोघी हापशावर धुणं धूत होत्या. तानूबाईच्या डोक्याला चिंधी, स्वप्नालीच्या दंडावर काळेनिळे वळ. तानूबाई ते लुगडं तिसऱ्यांदा आपटत होती.

"आत्या, त्या डब्याची तारीख उलटली नव्हती. मीच चुकीचं वाचलं."

तानूबाईचा हात थांबला नाही. "मला तरी कुठं वास आल्ता. म्हणले आपलं, चांगली हाय."

"कधीपासून येत नाही?"

"झालं की लई दीस."

"ऋषिराज गेला, त्याच्या आधीपासून?"

आपटणं थांबलं. हापशाच्या तोंडातून राहिलेलं पाणी थेंब थेंब दगडावर पडत होतं. तानूबाईनं लुगडं पिळलं, पाणी निघायचं बंद झालं तरी पिळत राहिली. मग त्याचा पदर तिनं सुनेपुढं धरला.

"बघ की गं," ती म्हणाली. "गेला का वास?"

स्वप्नालीनं पदर नाकाशी नेला.

"अजून आहे."

तानूबाईनं मान हलवली आणि लुगडं पुन्हा पाण्यात बुडवलं.