कोन्याचा मान

आडमाळच्या माणसांना एक काम फार चांगलं जमतं, ते म्हणजे भांडण जपणं. म्हैस आटली तर ती विकतात, ऊस वाळला तर पेटवून देतात, पण भांडणाला वेळच्या वेळी खतपाणी घालायला विसरत नाहीत. बोरगावच्या अलीकडचं हे एवढंसं गाव. त्यात दोन गल्ल्या, एक वरची आणि एक खालची. दोघींच्या मधोमध मराठी शाळा, म्हणजे दोघींनाही दगड मारायला सोयीची.

मे महिन्यात वळवाचं वादळ आलं आणि या शाळेच्या मधल्या वर्गांवरची कौलं घेऊन गेलं. सकाळी मुख्याध्यापिका माधवी निपाणीहून स्कूटीवर आली तेव्हा अर्धं छप्पर पटांगणात पडलं होतं आणि फळ्यावर ऊन आलं होतं. गावातलं कुणी बघायला आलं नव्हतं. वरची गल्ली म्हणाली, खालच्यांनी बघावं. खालची म्हणाली, वरच्यांनी.

वादळात पडलेल्या सरकारी इमारतींपैकी जुन्या महत्त्वाच्या कुठल्या, हे ठरवायला जिल्ह्यातून माणसं नेमली होती. महत्त्वाची ठरली तर आहे तशी दुरुस्ती. नाही ठरली तर जेसीबी, आणि त्या जागी स्लॅबची नवी इमारत. कागदावर यात वाईट काहीच नव्हतं. पण नवी इमारत होईपर्यंत पोरं 'तात्पुरती' बोरगावला पाठवायची असं आधीच ठरलं होतं, आणि तात्पुरती या शब्दाचा सरकारी अर्थ माधवीला ठाऊक होता. याआधीची तिची शाळा अशीच तात्पुरती हलवली होती. आता त्या जागेवर खताची पोती ठेवतात. आडमाळची पोरं एकदा बोरगावच्या बसमध्ये बसली की परत येणार नाहीत आणि पटावर पोरं नाहीत म्हणून ही शाळा पुसली जाईल, हे तिला लख्ख दिसत होतं.

म्हणून बेळगावहून आशुतोष नावाचा तपासनीस आला तेव्हा तिनं स्वतः चहा ठेवला. त्यानं तो घेतला नाही.

आशुतोष बेळगावातल्या वकिली घराण्यातला, वास्तुकलेच्या कॉलेजात शिकवणारा. बुटाला चिखल लागला तर तो आधी बुटाकडं बघायचा, मग ज्याच्या गावचा चिखल त्याच्याकडं. त्यानं भिंतींवर टिचक्या मारल्या, वासे बघितले, पडलेल्या कौलांवरचे शिक्के वाचले, आणि पटांगणातल्या बाकावर बसून म्हणाला, "बाई, यात जुनं काय आहे?"

"शाळाच जुनी आहे की."

"भिंती जुन्या आहेत. पण अशा भिंतींच्या शाळा या पट्ट्यात पैशाला पासरी. दारं बदललेली, फरशी बदललेली, कौलांखालच्या लाकडी रिपा अलीकडच्या. कौलं तर चार-पाच कारखान्यांची मिसळ आहे. हिला मी ऐतिहासिक कसं म्हणू?"

"कौलं मिसळ आहेत, कारण ती गावाची आहेत," माधवी म्हणाली, आणि तिनं शाकारणीचं सांगितलं.

पाडव्यानंतर एक दिवस ठरवून अख्खं गाव शाळेवर चढायचं. कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी काढायची, पुन्हा रचायची. प्रत्येक घरानं आपल्या परसातली दोन कौलं आणायची. सरकारनं या छपरावर कधी हात फिरवला नव्हता. शाळा बांधली तेव्हापासून ते गावानंच राखलं होतं. सगळं झालं की आढ्यावर, दोन उतारांच्या सांध्यावर, वाकडी कौलं ओळीनं बसवायची. अशा एका कौलाला कोनं म्हणतात. शेवटचं कोनं बसवायचा मान एका वर्षी वरच्या गल्लीचा, पुढच्या वर्षी खालच्या.

आशुतोषनं पहिल्यांदाच पेन काढलं. "हे चालू असेल तर गोष्ट वेगळी. चालू प्रथेला मी वरची श्रेणी देऊ शकतो. बंद पडलेली असेल तर अहवालात एक टीप लिहितो आणि इमारत पाडा म्हणतो. शेवटची शाकारणी कधी झाली?"

खरं उत्तर असं होतं, की टाळेबंदीपासून धड झालीच नव्हती. टाळेबंदीच्या वर्षी शाकारणी बुडाली, आणि ते वर्ष वरच्या गल्लीच्या मानाचं होतं. पुढच्या साली लोक छपरावर चढले, कौलं रचली, आणि कोनं हातात घेतल्यावर कुणाच्या तरी तोंडून प्रश्न निघाला: करोनाचं वर्ष धरायचं का? धरलं तर वरच्यांची पाळी होऊन गेली, आता खालच्यांची. नाही धरलं तर वरच्यांची अजून यायचीच आहे. गणित तिसरीच्या पोराला सुटावं एवढंच, पण त्यावर माणसं एकमेकांच्या गळ्याला भिडली. कोनं खाली पडून फुटलं. खालच्या गल्लीनं शिडी काढून नेली आणि वरच्या गल्लीचा रवळू दिवेलागणीपर्यंत आढ्यावर बसून शिव्या देत राहिला. त्यानंतर कुणी शाळेवर चढलं नाही. सरकलेली कौलं सरकत गेली, आणि वादळाला आयती वाट मिळाली. शाळा वादळानं पाडली असं जो म्हणेल त्यानं आडमाळ पाहिलेलं नाही.

माधवीनं यातलं काहीच सांगितलं नाही. तिचा आवाज अगदी वर्गात निघतो तसा निघाला. "या वर्षीची आजच आहे. दुपारी."

"आज?"

"तुम्ही यायच्या आधीच ठरलंय. बघूनच जा."

तिच्या मागं, सुट्टीभर पडून असलेलं भाताचं पातेलं घासत बसलेल्या राजाबाईचा हात थांबला. राजाबाई शाळेत पोरांचं जेवण करायची. आशुतोष फीत घेऊन मागच्या भिंतीकडं गेल्यावर ती म्हणाली, "बाई, डोकं ठिकाणावर हाय न्हवं? नवरा मेला तरी चालंल, पण सवत रंडकी झाली पायजे, असली ही माणसं. कोण येतंय?"

"येतील गं आक्का. चांगलं सांगितलं तर यायचे नाहीत. वाईट सांगते."

रवळू दारातल्या कट्ट्यावर तंबाखू मळत बसला होता. त्यानं बस म्हटलं नाही. घरातून पाण्याचा तांब्याही आला नाही, आणि या भागात दारी आलेल्याला पाणी न देणं म्हणजे काय ते समजायला शाळा शिकावी लागत नाही. माधवी उभ्यानंच म्हणाली, "अण्णा, बेळगावचा सायब आलाय. आज शाकारणी हाय."

"कुणाची? तुमची?"

"खालच्या गल्लीची. भरमू आप्पा कोनं बसवणार, सायब फोटो काढणार. करोनाचं वर्ष धरलं असं आता सरकारी कागदावर येतंय. म्हटलं, तुमास्नी मागनं कळायला नको."

रवळूचा अंगठा तळहातावर थांबला. "कोण म्हणलं धरलं?"

"कागद म्हणंल आता."

"तुमी बाई, वर्गात काय शिकीवता ते शिकवा. गावाच्या मानापानात नाक घालू नका."

"मी कशाला घालू? सांगून चालले." आणि ती निघाली. मागं कट्ट्यावरून त्यानं घरात कुणाला तरी हाक मारलेली तिला ऐकू आली.

खालच्या गल्लीत भरमू गोठ्यात होता. त्यानं ऐकून घ्यायच्या आधीच सुनावलं, "तुमची बदली व्हावी म्हणून मी नवस बोलावा म्हणतोय. माझ्या नातवाला तुमी दिवसभर उभा केलतासा."

"त्यानं खिडकी फोडलती, आप्पा. ते जाऊ दे. रवळू अण्णा माणसं घेऊन शाळेवर चाललाय. कोनं त्यो बसवणार. सायबानं करोनाचं वर्ष धरलं न्हाय."

"न्हाय धरलं?" भरमूनं हातातला विळा गव्हाणीत टाकला. "सायबाच्या बापाचं गाव हाय व्हय हे?"

माधवी शाळेत परतली. आयुष्यात पोरांना खोटं बोलू नका म्हणून तिनं किती छड्या मोडल्या असतील कुणास ठाऊक. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली, की कुणीच येणार नाही.

पण आले. आधी वरची गल्ली आली, कौलांच्या पाट्या डोक्यावर आणि तोंडात शिव्या. मागोमाग खालची, तशीच. परसात शेणकुटांच्या मागं इतकी वर्षं रचून ठेवलेली कौलं बाहेर निघाली. शाळेला द्यायची म्हणून ठेवलेली, आणि दुसऱ्यानं आधी दिल्याशिवाय द्यायची नाहीत म्हणूनही ठेवलेली. दोन शिड्या दोन बाजूंनी लागल्या. एका उतारावर एक गल्ली, दुसऱ्यावर दुसरी. मोडलेल्या रिपा काढल्या, नव्या ठोकल्या, आणि कौलं हातोहात वर जाऊ लागली. कुणी कुणाशी सरळ बोलत नव्हतं. पलीकडच्या उताराला ऐकू जाईल असं मात्र सगळेच बोलत होते.

"रिपा बघा कशा ठोकल्यात. ह्यांच्या घराचं छप्पर असंच गळतंय."

"आमचं गळतंय, पण आमी शिडी चोरत न्हाय."

चिडलेला माणूस काम झपाट्यानं करतो. पलीकडची रांग आपल्यापुढं जाऊ नये म्हणून दोन्ही उतार असे भरत गेले की आशुतोषला फोटो काढायला इकडून तिकडं पळावं लागलं. "नेहमी असंच असतं?" त्यानं विचारलं.

"असंच," माधवी म्हणाली. तेवढं तरी खरं होतं.

कौलं संपली. आढ्यावरची कोनी एकेक बसत मध्यापाशी आली आणि एकाच कोन्याची जागा उरली. एका टोकाकडून रवळू वर आला, दुसऱ्या टोकाकडून भरमू. दोघांच्याही काखेत एकेक कोनं. बाकीचे खाली उतरून पटांगणात दोन तट करून उभे राहिले.

"करोनाचं वर्ष धरलं म्हणं तू?" रवळू म्हणाला.

"मी? सायबाकडनं न धरलेलं तू लिवून घेतलंस म्हणं."

"कोण म्हणलं?"

"बाई. तुला?"

मग दोघांनी मिळून खाली माधवीकडं बघितलं. कित्येक वर्षांत त्या दोघांनी मिळून केलेली ती पहिली गोष्ट.

"आक्का," माधवी हळूच म्हणाली, "शिड्या काढ."

राजाबाईनं एक काढली, माधवीनं दुसरी. वरून आरडाओरडा सुरू झाला. माधवीचाही संयम तिथं सुटला. "कोनं बसल्याशिवाय शिडी लागणार न्हाय. तुमच्या मानापायी माझी पोरं उघड्यावर आली. दोघं मिळून बसवा न्हाय तर बसा तसंच."

बसले तसेच. आढ्याच्या दोन टोकांना, एकमेकांकडं पाठ करून, कोनं मांडीवर घेऊन. पटांगणातल्या लोकांनी माधवीला काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. कुणी तिच्या स्कूटीची हवा सोडली. पण पुढं होऊन शिडी लावायला दोन्ही तटांतला एकही जण धजला नाही, कारण लावली तर दुसऱ्या गल्लीचाही माणूस सुटला असता.

आशुतोष आवराआवर करत तिच्याजवळ आला. आता त्याच्या बुटांना भरपूर चिखल होता. "बाई, ही प्रथा चालू आहे, की आज तुम्ही चालू केलीत?"

"छपरावर माणसं बघितलीत?"

"बघितली."

"मग बघितलं तेवढंच लिहा."

तो हसला नाही. "आढ्यावर एक कोनं बाकी, असंही लिहीन," म्हणाला आणि जीपमध्ये बसून गेला.

अंधार पडता पडता माधवीनं शिड्या लावल्या. कोनं बसलं नव्हतंच. वर बसून दोघं काय बोलले ते कुणाला ऐकू आलं नाही. काहीतरी बोलले असणार, हे पुढं कळलं.

अहवाल आला: वरची श्रेणी, आहे तशी दुरुस्ती, पोरं हलवायची नाहीत. माधवीनं तो वाचला आणि रिकाम्या वर्गात बसून पोटभर रडली. शाळा ठरल्या दिवशी उघडली. पावसात आढ्यावरच्या त्या एका भोकातून मधल्या वर्गात धार लागायची. तिच्याखाली राजाबाईनं बादली ठेवली.

अशाच एका पावसाच्या सकाळी रवळू आणि भरमू एकत्र आले. एका छत्रीतून नव्हे, पण एका वेळी. दोघंही शाळेच्या समितीवर होते, एवढी वर्षं एक आला तर दुसरा सभेला न येणारे. भरमूनं टेबलावर कागद ठेवला. सदर बाईंनी दोन्ही गल्ल्यांना खोटं सांगून फसवलं, वडीलधाऱ्या माणसांना शिडी काढून छपरावर कोंडलं, तरी त्यांची ताबडतोब बदली करावी. अक्षर रवळूच्या लेकीचं, भाषा दोघांची.

"शिक्का पायजे शाळेचा," रवळू म्हणाला.

"सह्या कुठं आहेत?"

तिथंच घोडं अडलं होतं. वर कुणाची आणि खाली कुणाची, यावर कागद लिहितानाच भांडण झालं होतं. माधवीनं पट्टी घेतली, कागदाच्या तळाशी एक आडवी रेघ मारली आणि पेन पुढं केलं. "शेजारी शेजारी करा." दोघांनी केल्या.

"आणि कोनं?" तिनं विचारलं. "ते तेवढं बसवता का? पोरं भिजतात."

"आता न्हाय. ते पुढच्या शाकारणीला," भरमू म्हणाला. "खालच्या गल्लीचा मान हाय."

"खालच्या कसा? वरच्या. ह्या सालचं धरायचं न्हाय, कोनं बसलंच न्हाय."

"का धरायचं न्हाय? कौलं चढली का न्हाईत?"

ते भांडत पावसात बाहेर पडले. पटांगणभर त्यांचा आवाज येत होता, पुढच्या साली कुणाची पाळी यावर. पुढच्या साली शाकारणी होणार की नाही, यावर दोघांपैकी एकानंही वाद घातला नव्हता. माधवीच्या ते ध्यानात आलं आणि तिला एकदम इतका राग आला, इतकं बरं वाटलं आणि इतकं वाईट वाटलं, की काय करावं ते तिला कळेना. पुढच्या साली ती इथं नसणार होती.

तिनं शाईच्या डबीवर शिक्का दाबला आणि स्वतःच्या बदलीच्या अर्जावर नीट, सरळ उमटवला. मग उठून भरलेली बादली बाहेर ओतली आणि पुन्हा धारेखाली ठेवली.