हळदीखालचा पिवळा

दलसिंगला हळद लागली आणि मांडवात एकच धमाल उडाली. ढोलाच्याही वर तुळशीबाईचा आवाज! ती त्याची फुई, म्हणजे आत्या. नवरदेवाला पहिली हळद लावायचा मान तिचा.

दलसिंग मात्र पाटावर पेंगत होता, सारखा अंग खाजवत होता.

"नवी हळद शे, खाजच व्हई," बायका म्हणाल्या.

चार दिवस त्याला अन्न नको होतं. फोडणीच्या वासानं पोटात ढवळे.

"मयूरीनी याद ई ऱ्हायनी!" मित्र चिडवत.

लघवी काळ्या चहासारखी होते, हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. उद्या लग्न. नवरदेव आजारी कळलं, तर मयूरीच्या घरचे मोडतील, ही एकच धास्ती.

हळद डोळ्यात गेली नि तो ओरडला. फुईनं तांब्यातलं पाणी मारलं, अंगठ्यानं पापणी खाली ओढली आणि जागीच थबकली.

"अरे, डोया धोया तरी पिवयाच! हळद अंगले लागस, डोयाले नही! दवाखानामा लई चला!"

ढोल बंद.

"हळदीचा नवरदेव वेशीबाहेर जात नाही," म्हाताऱ्या कुजबुजल्या.

"मन्हा हातनी हळद शे. वेस बी मीच वलांडसू. ट्रॅक्टर काढा!"

पिवळाधमक नवरदेव, हातात कट्यार, मागे ट्रॉलीत अख्खं वऱ्हाड! शहाद्याच्या दवाखान्यात नर्स ओरडली, "ढोल बाहेर! कट्यार बाहेर!"

दुपारी रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, "यकृताचे एन्झाइम चाळीसच्या आत हवेत, याचे तेराशे. यकृताला सूज आहे, म्हणून कावीळ. वेळेवर आणलंत. लग्न पुढे ढकला. विश्रांती घ्या, दारूचा थेंब नको, जडीबुटी नको."

दलसिंगनं फोन लावला. मयूरीनं सगळं ऐकून घेतलं आणि कडाडली, "पहिलेच काब्र सांगं नही? तारीख पुढे जाई. मी कोठे जाई ऱ्हायनी?"

त्याला हसूही आलं, रडूही.

दोन महिन्यांनी पुन्हा मांडव, पुन्हा ढोल. तपासणीचा कागद चांगला आला होता, पण फुईचा त्यावर भरवसा नव्हता. भरलेली वाटी बाजूला ठेवून तिनं आधी त्याची पापणी ओढली. सगळा मांडव श्वास रोखून वाकला.

"पांढराफेक!" फुई किंचाळली, आणि वाटीतली सगळी हळद एकदमच त्याच्या डोक्यावर ओतली.